कानपिळीचा फोटो

मित्रांनो, मी लग्नाचा एक अल्बम आहे. वय म्हणाल तर तीनच वर्षांचं. पण कपाटात साड्यांच्या खाली पडून राहिलं की कुणीही लवकर जुनं होतं. तासगावजवळच्या एका गावात अंबूबाईंच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो.

मला तासगावच्या दादासो फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर घडवलं आणि सांगलीहून छापून आणलं. पुठ्ठ्यासारखी जाड पानं, मखमली डबा, वजन साडेचार किलो. अंबूबाईंची लेक शिवांजली आणि कराडचा साईराज यांचं लग्न झालं तासगावच्या कार्यालयात, पण माझ्या सहाव्या पानावर ते दोघं बर्फाच्या डोंगरात उभे आहेत. कुठलंही लग्न बर्फात नेल्याशिवाय दादासोला चैन पडत नाही. हिरव्या चुड्यावर बर्फ पडलेला बघून गावातल्या बायका मात्र फार खूश झाल्या.

आमच्याकडे लग्नात कानपिळी असते. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो. शिवांजलीचा भाऊ उदयसिंह फौजेत आहे. लग्नाला चार दिवस उरले असताना त्याची सुट्टी रद्द झाली. मग चुलतभाऊ सिद्धूनं कान पिळला. मी तयार होत होतो तेव्हा अंबूबाई दुकानात आल्या.

"दादासो, समदं ब्येस हाय रं, पर माझा लेक न्हाई ह्यात. बघताना आतडं तुटतं."

"एवढंच व्हय मावशी? सिद्धूचं तोंड काढतो, उदयसिंहाचं लावतो. कुणाला पत्ता लागत न्हाई बघा."

आणि खरंच कुणाला लागला नाही. आपण खोटं बोलतोय असं मलाही तेव्हा वाटलं नाही. अंबूबाईंच्या तोंडावर हसू आलं, त्यातच मी खूश होतो.

पहिला महिना माझा फार थाटाचा गेला. आल्यागेल्यानं मला मांडीवर घेतलं, एकीनं तर चहाही सांडला. त्याआधीच साईराज कॅनडाला परत गेला होता. तिथं तो ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात काम करतो. त्याचे आईवडील पुण्यात थोरल्या मुलाकडे, कराडच्या घराला कुलूप. म्हणून शिवांजली माहेरीच राहिली. साईराजनं बायकोच्या व्हिसाचा अर्ज भरला आणि म्हणाला, सहा महिन्यांत तू इथं असशील.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. कुठं हळदीकुंकवाला गेली की बायका विचारायच्या, "काय गं, अजून हितंच व्हय?" शिवांजलीनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. दुपारी घर शांत झालं की ती मला बाहेर काढायची. सप्तपदीच्या पानावर साईराजच्या हातात तिचा हात आहे. त्यावर बोट ठेवून ती बसून राहायची. तिच्याशी दोन शब्द बोलावेत असं फार वाटायचं, पण तेवढंच आम्हाला जमत नाही.

लग्न खरं आहे हे दाखवायला अर्जासोबत वीस फोटो पाठवायचे होते. ते तिनंच माझ्यातून निवडले होते. पोर हुशार. बर्फातले सगळे वगळले. कानपिळीचा मात्र पहिला घेतला, कारण त्यात सगळं घर पोट धरून हसत होतं. वरचेवर बघून भाऊ त्या दिवशी होताच असं तिलाही वाटायला लागलं होतं, म्हणून फोटोखाली 'माझा भाऊ उदयसिंह' असंही लिहून टाकलं.

वीस महिन्यांनी व्हिसाच्या ऑफिसचं पत्र आलं. इथं संध्याकाळ होती, तिथं सकाळ. साईराजचा फोन आला.

"शिवांजली, कानपिळीचा फोटो तू पाठवलास?"

"व्हय. का वो?"

"मी फॉर्ममध्ये लिहिलंय, मेव्हणा ड्युटीवर होता, लग्नाला नव्हता. ते विचारतात, मग माझा कान कोण पिळतंय?"

तिनं मला उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एका महिन्यात खुलासा द्यायचा होता. खोटी माहिती दिली असं ठरलं, तर पाच वर्षं अर्जसुद्धा करता येणार नव्हता. "पाच वर्सं, आई," एवढंच ती म्हणाली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मित्रांनो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली. ज्या दोघांसाठी माझा जन्म झाला, त्यांच्याच आड मी आलो होतो.

दादासोनं जुन्या हार्डडिस्कमधून सिद्धूचा मूळ फोटो शोधला. उदयसिंहानं त्या दिवशी ड्युटीवर असल्याचं पलटणीचं पत्र पाठवलं. राहिला अंबूबाईंचा जबाब. तासगावात वकिलाच्या टेबलावर मला उघडून ठेवलं होतं.

"मुलगा लग्नाला हजर होता का?" वकिलांनी विचारलं.

"त्यो कामावर हुता."

"हजर होता की नव्हता, तेवढं सांगा."

अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. दोन वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी कुणापुढं उच्चारलं नव्हतं.

"नव्हता. माझा लेक लग्नाला नव्हता. फोटूत म्या घातला त्याला. पोरीचा काय बी दोष न्हाई."

खुलासा गेला आणि पाच महिने मायलेकी उत्तराची वाट बघत राहिल्या. मग व्हिसा आला. बॅग भरताना शिवांजलीनं मला उचललं, काट्यावर ठेवलं आणि पुन्हा कप्प्यात ठेवलं. माझ्या वजनाचे बेदाणे आणि चटणी गेली. मला वाईट वाटलं, कशाला लपवू? ती साईराजजवळ पोचली, हे मला अंबूबाईंच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

गेल्या महिन्यात उदयसिंह सुट्टीवर आला. दुपारी त्यानं कपाट उघडून मला बाहेर काढलं. कानपिळीच्या पानावर तो आधी खूप हसला, मग आईकडे वळला.

"आई, त्या दिशी खरं काय काय झालं? मला कुणी सांगितलंच न्हाई."

"तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई सांगितलं, बाळा."

मग अंबूबाईंनी एकेक पान उलटत सगळं सांगितलं. सिद्धूनं एवढ्या जोरात पिळलं की साईराजच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठवणीच्या वेळी शिवांजली दारात थांबून, भाऊ येतोय का म्हणून रस्त्याकडे बघत राहिली. "आणि तुझं ताट म्या येगळं वाढून ठिवलं हुतं. सांजच्याला गाईला घातलं."

उदयसिंहानं बाहीनं डोळे पुसले. "आता मी जाऊन आलो लग्नाला," तो म्हणाला.

आठ दिवसांनी तोही गेला. आता घरात अंबूबाई एकट्या आणि कप्प्यात मी एकटा. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा अल्बम असेल. त्याला ओल लागू देऊ नका, अधूनमधून उघडा. आणि ज्याला त्या दिवशी येता आलं नाही, त्याला फोटोत चिकटवून मोकळे होऊ नका. तो घरी येईल तेव्हा त्याच्याजवळ बसून त्याला सगळं सांगा. त्याला ऐकायचं असतं.