सत्काराला उत्तर

चऱ्होलीच्या चौकात बोर्ड लागला तेव्हा रोहिदास अजून परतीच्या विमानात होता. बोर्डावर तो निळा टी-शर्ट घालून, सायकल धरून उभा. खाली भाऊबंदांचे बारा चेहरे आणि ठळक अक्षरांत 'मृत्यूच्या रस्त्यावर चऱ्होलीचा झेंडा'. बोर्ड लावला होता त्याच्या वडिलांनी, सोपानरावांनी. पोराला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. फोटो पोरानेच तर घरच्या ग्रुपवर टाकला होता.

टाकताना रोहिदासने खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. आपण खोटं कुठे बोललो, असं तो पुढे चार दिवस स्वतःला समजावत राहिला.

चाकणच्या कंपनीत बारा वर्षं काढलेला माणूस. रविवारी डोंगरात सायकल घालायचा नाद. साठवलेली रजा एकदम घेऊन, पाठीवर सॅक टाकून तो दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियातल्या ला पाझला गेला. शहर इतकं उंचावर की लॉजचा जिना चढला तरी छाती भात्यासारखी चालायची. लॉजवाल्या बाईने कोकाच्या पानांचा चहा पाजला. तारेवरच्या पाळण्यात बसून तो दोन दिवस विटांच्या घरांवरून हिंडला, आणि तिसऱ्या दिवशी एका सायकल-सहलीबरोबर घाटाला लागला. बर्फाच्या खिंडीतून साठ किलोमीटर खाली जंगलात उतरणारा, मृत्यूचा रस्ता म्हणून ओळखला जाणारा तो रस्ता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि सायकलवाल्याने दरीच्याच बाजूने जायचं असा तिथला नियम. चौथ्या किलोमीटरला धुक्यात वळण आलं आणि त्याची बोटं ब्रेकवर जी आवळली ती सुटेनात. मागून येणाऱ्या वाटाड्या पोरीने ती एकेक करून सोडवली. उरलेला घाट तो मागच्या गाडीत, जेवणाच्या डब्यांशेजारी बसून उतरला. खाली सगळ्यांना घाट उतरल्याचे निळे टी-शर्ट वाटले. त्यालाही दिला, त्याने घेतला.

रविवारी देवळाच्या मंडपात सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. गावचे पुढारी दादासाहेब बोलायला उठले आणि बोलता बोलता त्यांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या रविवारी गावची चाळीस पोरं रोहिदासच्या मागे गावाजवळच्या डोंगराचा पाठीमागचा उतार सायकलवर उतरणार. त्यांच्या हातातल्या यादीत पहिलं नाव तेजलचं, रोहिदासच्या थोरल्या भावाच्या मुलीचं. तिने सायकल घेऊन महिनाही झाला नव्हता. तो उतार रोहिदासला ठाऊक होता. स्वतः तो तिथून कधी उतरला नव्हता.

माइक हातात आला. तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही."

टाळ्या पडल्या. सत्काराला उत्तर देणारा प्रत्येक जण याच वाक्याने सुरुवात करत आला होता. निवृत्त मास्तर, कुस्ती जिंकलेला पैलवान, नवा नगरसेवक, सगळेच. तो पुन्हा म्हणाला की खरंच काही केलेलं नाही, तर टाळ्या वाढल्या. बघा, गड्याचे पाय अजून जमिनीवर हायेत, असं कुणी तरी कौतुकाने म्हणालं. तेजल पुढच्या रांगेत हात उंच करून टाळ्या वाजवत होती.

"मी सायकलवर चार किलोमीटर गेलो," रोहिदास म्हणाला. "बाकीचा घाट गाडीत बसून उतरलो. भ्यालो होतो. माझ्या मागे कुणी येऊ नका. तेजल, तू तर नाहीच."

दादासाहेबांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

मग सोपानराव उठले. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावापुढे न झुकलेला हा माणूस माइकशी आला आणि त्याने गावापुढे हात जोडले.

"पोरगं खरं बोललं. बोर्ड मी लावला, त्याला न इचारता. चूक माझी हाय."

शिव्या खायची तयारी रोहिदासने केली होती, याची नव्हती. दोघे-चौघे सोपानरावांना समजवायला पुढे आले. जाऊ द्या आबा, पोराच्या कौतुकात होतंय असं, म्हणू लागले. आता नुसतं गप्प राहिलं असतं तरी निभावलं असतं. त्याला ते कळलं.

त्याने माइक घेतला. "आबांना वाटलं, कारण मी वाटू दिलं. तो फोटो मी मुद्दाम काढून घेतला. मुद्दाम पाठवला."

सोपानरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "बास आता," ते हळूच म्हणाले, पण माइकवर ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पंगत बसली. सत्कारमूर्तीच्या पाटावर कुणीच बसलं नाही. रोहिदासने फेटा उतरवून ठेवला, आमटीची बादली उचलली आणि वाढायला लागला. लोक खाली मान घालून वाढून घेत होते. तेजलने वाटी पुढे केली आणि भरताच मागे ओढली. सोपानरावांच्या पानापाशी तो वाकला तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला. तिखट आमटीला त्यांनी आजवर कधी नको म्हटलं नव्हतं. रोहिदास तसाच वाकून थांबला. हात हलला नाही.

"चला राव, पुढं चला," मागून भात वाढणारा म्हणाला.

तो पुढच्या पानाशी गेला.