सरस

रविवारी सकाळी अकरा वाजता संग्रहालयातल्या मुलांच्या खोलीत धाकटीने टाळी वाजवली आणि उभ्या मुलांतली निम्मी मटकन खाली बसली.

"जनावर जिवंत असतं तोवर खाण्यातून कार्बन घेत राहतं," ती म्हणाली. "त्यातला एक प्रकार टिकाऊ नाही. मेल्यावर नवा मिळत नाही, आहे तो हळूहळू घटतो. ठरावीक काळ गेला की निम्मा." पुन्हा टाळी. "तेवढाच काळ आणखी गेला की उरलेल्याचा निम्मा. किती उरलाय ते मोजलं, की हाडाचं वय कळतं."

शेवटी एकच मुलगी उभी राहिली. थोरलीची.

"मावशी, मी उरले!" म्हणत ती धाकटीला जाऊन बिलगली.

दारातला पहारेकरी हसला. "खोटं नाही म्हणत, माय मरो पण मावशी जगो!"

थोरली मागच्या बाकावर होती. प्रयोगशाळेत हाडांची वयं काढणं हे तिचं रोजचं काम. हेच तिने लेकीला घरी आकृती काढून सांगितलं होतं. तेव्हा लेक जांभया देत होती.

"आईपण सांगते," लेक शेजारच्या मुलाला म्हणाली, "पण मावशी सरस सांगते."

थोरलीने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

मुलं पांगल्यावर धाकटीने पेटीतून हाड काढलं. खोदकामात तिलाच सापडलेलं. ते पुरेसं जुनं निघालं तर मोठ्या दालनात जाणार होतं, आणि त्याच्यामागोमाग तीही.

"उद्या पाठवते, ताई. खरं वय काढ हं. आपण सांगतो तसं चोरून नको."

"हे मोडलं होतं ना मधे?"

"मुलांना अख्खं दिसावं म्हणून चिकटवलं. सुताराकडून सरस आणला. कळतो का जोड?"

थोरलीने हाड उजेडात धरलं. सरस जनावरांच्या हाडाकातड्याचाच करतात. तो मुरला की यंत्राला हाड कुठलं आणि सरस कुठला, सांगता येत नाही. परवाच्या सरसाने पुरातन हाड तरुण ठरतं. टोकांना मात्र सरस लागलेला नव्हता, ती कोरी होती.

"नाही," ती म्हणाली. "छान बसलाय."

"बघ! आहे की नाही तुझी बहीण?"

"नमुना आहेस."

सोमवारी दुपारी मदतनीसाने हाड करवतीपाशी ठेवलं.

"बाई, टोकं फार कडक आहेत. मधे जोडापाशी नमुना सहज निघेल. तिथूनच घेऊ?"

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, वय निघालं का? मावशी विचारतेय."

"तू तिच्याकडे आहेस?"

"शाळेतून थेट आले. आज इथेच राहू?"

मदतनीस खूण करायला पेन्सिल घेऊन थांबला होता. तिने ती त्याच्या हातातून घेतली.

साडेचारला प्रयोगशाळेतली इतर माणसं चहाला गेली, तोवर हाडावर खूण झालेली नव्हती, ना जोडापाशी, ना टोकाला.