पस्तिसावा शब्द

त्या रविवारी दुपारी पाळी गावच्या वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मालतीबाईंना हीच गोष्ट खटकत होती. दरवर्षी शब्दस्पर्धेला मोजून वीस-पंचवीस माणसं यायची. ह्या वर्षी शंभराच्या वर आली होती, आणि त्यातली निम्मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. शब्द ऐकायला आलेली माणसं अशी उभी राहत नाहीत.

शहाऐंशी सालचा डिसेंबर होता. राजभाषा मराठी की कोकणी, ह्यावरून सगळा गोवा पेटला होता. रस्त्यांवर झाडं आडवी पडत होती, बसगाड्यांच्या काचा फुटत होत्या. डिचोलीच्या बाजारात एका आळीतल्या बायका एकमेकींना न ओळखल्यासारखं करून भाजी घेत होत्या. वाचनालयाचे चिटणीस कृष्णनाथबाब यांना मालतीबाईंनी दोनदा सांगितलं होतं, ह्या वर्षी स्पर्धा नको. त्यांनी ऐकलं नव्हतं. "मराठी वाचनालयानं मराठीची स्पर्धा आता नाही घ्यायची तर कधी?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

परीक्षक मात्र दरवर्षीप्रमाणे मालतीबाईच. वीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलेली बाई, गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

फळ्यावर त्यांनी एकच शब्द लिहिला होता. अविस्मरणीय. नियम सगळ्यांना पाठ होता. ह्या शब्दातली अक्षरं उलटसुलट लावून छोटे शब्द करायचे. जोडाक्षर फोडलं तरी चालेल, काना-मात्रा-वेलांटी आपल्या मर्जीची, पण एका शब्दात एक अक्षर एकदाच. वेळ वीस मिनिटं. बोलीतला शब्दही धरला जाईल. ही शेवटची ओळ कृष्णनाथबाबांनीच मागे कधीतरी घातली होती, खाणीवर कामाला आलेल्या सिंधुदुर्गातल्या लोकांनी भाग घ्यावा म्हणून.

बारा स्पर्धकांत सगळ्यांत लांब याद्या दोघांच्या निघाल्या. एक गोपाळ, कुडाळकडचा, खनिजाचा ट्रक चालवणारा, नखांत लाल माती तशीच. दुसरी सोनाली, गावच्या पिठाच्या गिरणीवाल्या रघुनाथची मुलगी, डिचोलीत शिवणकाम शिकणारी, एकोणीस वर्षांची.

मालतीबाई आधी गोपाळची यादी वाचू लागल्या. समर, समय, मरण, अरण्य, वीणा, मोर, सोयरा, वारस, आरसा, आमरस. 'आमरस'वर लोक हसले आणि बाईंना जरा हायसं वाटलं. मग माय. मग आवस.

"आवस म्हणजे?" पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"आई," गोपाळ म्हणाला. "आमच्याकडे आवस म्हणतत."

"बोलीतला शब्द आहे, धरला," कृष्णनाथबाब स्वतःच म्हणाले. चौतीस शब्द झाले.

सोनालीची यादी बाईंनी हातात घेतली तेव्हा त्यांची नजर सवयीनं तळाशी गेली, आणि तिथेच अडकली. शेवटचा, पस्तिसावा शब्द होता आवय, कोकणीतली आई.

क्षणभर त्यांच्या मनात आलं, वाचूच नये. चौतीस-चौतीस म्हणून दोघांना बरोबरीत सोडावं, चहा पाजावा, दार लावून घ्यावं. कोणाला कळलं असतं? पण सोनाली समोर बसून ओठांनी एकेक शब्द मोजत होती. बाई वाचत गेल्या. विरस, रवी, समोर, मासा, माय. मग त्यांनी तो शब्दही वाचला.

भिंतीजवळचा एक तरुण पुढे आला. प्रमोद त्याचं नाव, मराठीच्या मोर्चात दर वेळी पुढं असायचा.

"बाई, हा शब्द मराठी नाही."

"बोलीतला चालतो," बाई म्हणाल्या.

"बोली? कोकणी ही बोली नाही, वेगळी भाषा आहे, असं ओरडून रस्ते अडवतायत ना? मग वेगळ्या भाषेचा शब्द इथे कसा? 'माय' आहे की तिच्या यादीत. तेवढी पुरे."

बाई उत्तर देणार तोच मागच्या दाराशी खुर्ची सरकली. रघुनाथ उभा राहिला होता, सोनालीचा बाप. कपाळाची शीर तटतटलेली.

"तो बरोबर सांगतो," रघुनाथ म्हणाला. "मोजू नका तो. आज आवय मराठीत मोजली, की उद्या तुम्हीच पणजीला जाऊन सांगणार, बघा, कोकणी ही मराठीचीच बोली. आमचो शब्द आमकां आसूं दी."

मालतीबाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. दोन्ही बाजूंना एकच हवं होतं. शब्द खोडा. एवढं केलं की सगळे खूष, आणि ह्या मुलीची जीत गेली. धरला तर दोन्हीकडचे शत्रू. आणि त्यांना स्वतःला काय वाटत होतं? त्या स्वतः जन्मापासून घरात आवयच म्हणत आल्या होत्या. वीस वर्षं मुलांच्या निबंधात तो शब्द आला की त्याच्यावर लाल रेघ ओढून वर 'आई' लिहीत आल्या होत्या, आणि त्यात काही वावगं आहे असं एकदाही मनात आलं नव्हतं.

"बाई, निकाल राखून ठेवू," कृष्णनाथबाब कानाशी पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

तेवढ्यात गोपाळ उभा राहिला. "बाईनू, माझो आवस मोजलात, मगे तिचो आवय कित्याक नाय? आवशीक नाव वायच वेगळा, इतक्याच ना?"

"तू गप बस, परक्या गावचा!" कोणीतरी ओरडलं. एक बाक आडवा झाला. पाठीमागे कोणी कोणाची कॉलर धरली.

"बाबा, तूं बस!"

सोनाली बाकावर चढली होती. आवाज रडवेला होता पण खणखणीत. "शब्द म्हजो. म्हज्या आवयेक हांव आवयच म्हणटां. अक्षरां चुकलीं आसत जाल्यार सांगात. ना जाल्यार मेजात!"

अक्षरं चुकली असतील तर सांगा, नाहीतर मोजा. बाईंनी फळ्याकडे पाहिलं. अ, व, य. तिन्ही होती, एकेकदाच. त्यांनी डस्टर उचलून टेबलावर तीनदा आपटला, वर्गात आपटायच्या तसाच. खडूचा धुरळा उडाला. आणि वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं त्या गर्दीत होती, ती सवयीनं गप्प झाली.

"आवय म्हणजे काय, हे ज्याला कळलं नाही त्यानं हात वर करा."

कोणी हलेना.

"प्रमोद, तुला कळला नाही?"

प्रमोदनं मान खाली घातली नाही, पण हातही वर केला नाही.

"मग शब्द ह्या गावचा आहे. कोणत्या भाषेचा ते ठरवायला पणजीत विधानसभा आहे. मला इथे मोजायला बसवलंय. मी मोजला. पस्तीस." आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी यादीखाली सही केली.

टाळ्या वाजल्या नाहीत. कृष्णनाथबाबांनी बक्षिसाचं घड्याळ सोनालीच्या हातात दिलं ते तिच्याकडे न बघता. रघुनाथ मुलीची वाट न पाहताच बाहेर पडला.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर माणसं दोन बाजूंना थांबली होती, मधे एकच माणूस जाईल एवढी वाट. मालतीबाई दारात उभ्या राहिल्या. गोपाळ त्यांच्या पुढे झाला आणि हळूहळू पायऱ्या उतरू लागला. बाई त्याच्यामागून उतरल्या. कोणी हात उगारला नाही. फक्त एकानं विचारलं, "बाई, तुम्ही नेमक्या कोणाच्या?" त्या थांबल्या नाहीत. खाणीच्या रस्त्यावर आल्यावरच त्यांना कळलं की पर्स आतच राहिली, आणि ती आणायला परत जायचा धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाचं पत्र आलं. परीक्षक म्हणून यापुढे आपली गरज नाही. रघुनाथच्या गिरणीवर त्यांचं दळण शेवटच्या नंबरला जाऊ लागलं, तेव्हा त्या तांदूळ घेऊन दुसऱ्या गावी जाऊ लागल्या. फेब्रुवारीत कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, मे महिन्यात गोवा राज्य झालं, फटाके वाजले. शब्दस्पर्धा काही पुन्हा झाली नाही.

आपण चुकलो, असं मालतीबाईंना कधी वाटलं नाही. पण पुढे कितीतरी महिने, रस्त्यात कोणी मागून "बाई!" म्हणून हाक मारली की त्या वळायच्या आधी पिशवी छातीशी घट्ट धरायच्या.