थोरलाकुरचा उमेदीचा घोडा

थोरलाकुर मे महिन्यात, मेंढ्या विण्याच्या ऐन धांदलीत गेला. अंत्यविधीला पाद्र्याने त्याच्या उरकाचं कौतुक केलं. हा माणूस कधी स्वस्थ बसला नाही, असं तो म्हणाला आणि सगळ्या खोऱ्याने माना डोलावल्या. डॉक्टरही साधारण तेच म्हणाला होता, पण त्याचा सूर कौतुकाचा नव्हता.

शेत धाकट्या भावाकडे, ओडगेरकडे आलं. मेंढ्या, ट्रॅक्टर, कुत्रं, सगळ्यांची सोय लागली. उरला ग्लोई, सोळा वर्षांचा तांबडा घोडा. ओडगेर त्याच्यावर एकदाच बसला. रिकिबीत पाय पडताक्षणी घोडा निघाला, आणि ओडगेरचा दुसरा पाय पलीकडे जाईपर्यंत दोघे शेजाऱ्याच्या कुंपणाशी पोचले होते.

"नुसता उभा ठेवायला माझ्याकडे हिवाळ्याचं गवत नाही," तो थोरलाकुरच्या मुलीला, हेर्दिसला म्हणाला. "सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली येतील त्या दिवशी तुझ्या काकूने ह्याच्यावर बसून नदीपासून कोंडवाड्यापर्यंत यायचं. चालत. आली तर घोडा राहील."

"आणि नाही आली तर?"

"त्यानंतरच्या सोमवारी कसायाची गाडी येतेच आहे."

ओडगेरची बायको, योफ्रीदुरकाकू, कॉफी ओतत होती. "मला कोणी विचारलं का?"

"आता विचारतोय ना. बसशील?"

"खुबा नवा बसवलेला आहे माझा," काकू म्हणाली. "पण बसेन. तो घोडा बायकांचा नाही, असं थोरलाकुर वीस माणसांत म्हणाला होता."

हेर्दिस अकुरेरी शहरात शाळेत शिकवायची. उन्हाळ्याची सुट्टी तिने वडिलांच्या खोलीतली आवराआवर करायला म्हणून काढली होती. कपाटाला हात लावणं काही जमत नव्हतं, म्हणून ती घोड्याकडे गेली.

पहिला आठवडा ती त्याच्यावर बसलीच नाही. खोगीर घालायची, काढायची. रिकिबीत पाय टाकायची, घोडा निघाला की पाय काढून उभी राहायची. पुन्हा टाकायची. ग्लोई वळून तिच्याकडे बघायचा. बारा वर्षांत त्याची अशी फसवणूक कोणी केली नव्हती.

शेजारचा हाल्बियोर्न कुंपणावर कोपरं टेकून हे बघत असे.

"काय गं, घोडा बिघडला का?"

"नाही."

"मग काय करतेस?"

"उभी आहे."

"ते दिसतंय." त्याने नाकात तपकीर ओढली. "एक सांगू? त्याची उमेद मारू नकोस. तुझा बाप म्हणायचा, असा उमेदीचा घोडा उभ्या खोऱ्यात नाही."

खोऱ्यात घोड्याची याहून मोठी स्तुती नव्हती. सांगावं लागत नाही, आपणहून सुटतो, तो उमेदीचा. चालायला काय, पाय आपल्यालाही आहेत, असं इथे म्हणतात. हेर्दिसनेही शाळेत ह्या घोड्याच्या असल्या बढाया मारलेल्या होत्या. हाल्बियोर्न गेल्यावर तिने खोगिराच्या पट्ट्यामागे तळवा ठेवला. घोडा जागचा हलला नव्हता, आणि आतलं काळीज डोंगर चढून आल्यासारखं धडधडत होतं.

ही उमेद नव्हती. तो घाबरलेला होता. बारा वर्षं घाबरलेला होता आणि सगळे त्याची तारीफ करत होते.

वडिलांच्या छातीवर असा हात ठेवून कोणी बघितलं नव्हतं, हे तिला त्याच वेळी सुचलं. तिने ते बाजूला ठेवलं, कारण घोड्याचं काम अजून व्हायचं होतं.

वर बसायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की तिचा श्वास अडला की घोडा सुटतो. श्वास चालू राहावा म्हणून मोठ्याने काहीतरी म्हणत राहायला हवं होतं. कवितांनी काम भागेना. ताल सापडला की ग्लोई त्यावर पळायचा. शेवटी तिने मेंढ्यांच्या कानांच्या खुणांची जाडजूड यादी आणली. कोणत्या शेताच्या मेंढीचा कुठला कान कसा कापलेला, एवढंच त्यात होतं. "डावा अर्धा छाटलेला, उजव्याला मागून खाच," ती वाचायची, लगाम सैल सोडायची. यादीतल्या चौथ्या शेताला घोड्याने मान खाली टाकली आणि तो सहा पावलं चालला. ती लगेच उतरली, पट्टा सैल केला, त्या दिवशीचं काम संपवलं.

घराकडे तोंड झालं की मात्र तो अजून सुटायचा. मग ती त्याला गोल वळवून पुन्हा नदीकडे न्यायची. दहा मिनिटांच्या वाटेला एकदा तीन तास लागले. काकूने जेवण झाकून ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये यादीत थोरलाकुरचं नाव आलं. उजवा कान शेंड्याला चिरलेला, डावा कोरा. हेर्दिसचं वाचन थांबलं. लगाम तिच्या हातात तसाच सैल होता. ग्लोई थांबला. आपणहून थांबला आणि थांबून राहिला. बऱ्याच वेळाने तिने पुढचं शेत वाचलं, तेव्हा निघाला.

मेंढ्या उतरल्या त्या दिवशी काकू उलट्या बादलीवरून घोड्यावर चढली. तिला खुणा पाठ नव्हत्या, शेतं पाठ होती. कोणत्या शेतावर कोण कोणाशी बोलत नाही आणि केव्हापासून, हे ती सावकाश, मोठ्याने सांगत निघाली. वाटेतले लोक अदबीने दूर झाले. हेर्दिस मागून चालत होती. लगामापर्यंत हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर, कारण ओडगेर बघत होता.

अर्ध्या वाटेत चार स्वार भरधाव शेजारून गेले. ग्लोईची मान ताठली. दोन पावलं झपाट्याने पडली. हेर्दिसने तोंड दाबून धरलं.

"तुला कसली घाई आहे रे?" काकू म्हणाली आणि लगाम आणखी सैल सोडला. "माझं अजून पाद्र्याच्या मेव्हणीपर्यंतच आलंय."

घोड्याने फुरफुर केली, मान खाली टाकली, आणि कोंडवाड्याच्या दगडी भिंतीपर्यंत पाद्र्याची मेव्हणी पूर्ण ऐकली.

हाल्बियोर्नने टोपी काढली. "संपला," तो म्हणाला. "थोरलाकुरचा घोडा. काही उमेद उरली नाही."

ओडगेर भिंतीच्या आडोशाला गेला. त्याने कसायाला फोन लावला.

"सोमवारी एक घोडा कमी धर," तो म्हणाला. "तांबडा. नाही, मेला नाही. चालायला लागलाय."