रोपांवरची लुगडी

जानेवारीचा पहिला आठवडा सरता सरता थंडीनं अशी उचल खाल्ली की रिठदच्या बाजारात भर दुपारीही बायका पदर गुंडाळून बसल्या होत्या. हौसाबाई मेथी-सांभाराच्या जुड्या विकत होती, पण तिचा जीव मळ्यात होता. मळ्यात रोपांचे नऊ वाफे होते. पाच मिरचीचे, दोन वांग्याचे, दोन टमाट्याचे. रोपं नुकती बोटभर झाली होती आणि उन्हाळी लागवडीसाठी गावातल्या वीसेक घरांनी तिला सांगून ठेवलं होतं. हौसाबाईचं रोप लावलं की ते लागणारच, असा तिचा लौकिक होता.

तो लौकिक फुकट आला नव्हता. मळा नाल्याकाठी, गावच्या उताराला. थंडी पाण्यासारखी उतारानं यायची आणि तिथं साचायची. म्हणून हौसाबाई दिवस मावळायच्या आधी वाफ्यांना विहिरीचं कोमट पाणी हलक्या हातानं द्यायची, वेळूच्या कमच्या कमानीसारख्या रोवायची आणि त्यांवर जुनी लुगडी पांघरायची. प्लास्टिक तिला चालत नसे. पानाला टेकलं की पान जळतं. सकाळी ऊन चढलं की दवानं भिजलेली लुगडी काढून रस्त्याकडच्या कुंपणावर वाळत घालायची. पंधरा वर्षांत घरोघरच्या बायकांनी ती लुगडी दिली होती. कोणाच्या सासूचं, कोणाच्या बाळंतपणातलं, कोणाचं नेसून नेसून जाळी झालेलं. "रोपाची टाळू भरली नाई तवरिक त्याले झाकूनच ठेवा लागते," असं ती म्हणायची.

त्या दिवशी बाजारातून परतायला पाच वाजले. नवरा चंपत तूर सोंगायला गेला होता, तो अजून आला नव्हता. हौसाबाई मळ्याशी ऑटोतून उतरली आणि तिथंच थबकली. कुंपण मोकळं होतं. एकही लुगडं नव्हतं.

शेजारच्या वावरातून रंगूबाई लगबगीनं आली.

"मुकेशची माणसं ट्रॅक्टर घेऊन आल्ती," ती म्हणाली. "उद्या गाव पाहाले सायेब येऊन राह्यले म्हणे. रस्त्यावरून चिंध्या दिसल्या नाई पायजे. म्या म्हणलं, बापा, ते रोपाचं पांघरूण हाये. तं मले म्हणे, काकू, तुमी मंधात बोलू नका."

गावाची सरपंच होती राधिका, पण कारभार तिचा नवरा मुकेश पाहायचा. गाव कुठल्याशा सुंदर गावाच्या स्पर्धेत उतरलं होतं आणि आठ दिवसांपासून मुकेश गावभर चुना मारत फिरत होता.

"नेली कुठी?" हौसाबाईनं विचारलं.

"गावाबाहेरच्या खड्ड्यात. वरून नालीतला गाळ टाकला."

हौसाबाईनं मान वर केली. तिला आधी राग आलाच नाही, आधी आकाश दिसलं. बोटभरही ढग नव्हता. अशा निरभ्र आकाशाची थंडी काय करते ते तिला ठाऊक होतं. तिनं मुकेशला फोन लावला.

"काकू, उद्याचा कार्यक्रम होऊ द्या," तो म्हणाला. "नवं कोरं कापड देतो तुमाले. त्या चिंध्यात काय होतं?"

"थंडी काय तुह्या कार्यक्रमासाठी थांबून राह्यली?"

"एका रातीनं काय होते, काकू?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग ती आणि रंगूबाई अंधार पडायच्या आत जे सापडेल ते घेऊन धावल्या. घरातल्या तिन्ही गोधड्या, चंपतचं घोंगडं, रिकामी पोती, हौसाबाईची नेसायची दोन लुगडी. चंपत आला, तोही लागला. तीन वाफे झाकले गेले. उरलेल्या सहांसाठी त्यांनी मळणीचं ओलं कुटार, भुसा पेटवून धूर केला, पण वारा सुटला आणि धूर नाल्याकडं निघून गेला. नवरा-बायकोनं ती रात्र घरात एका चादरीत काढली.

सकाळी सहा वाफ्यांतली रोपं उकडून काढल्यासारखी पडली होती. हात लावला तर पान बोटाला चिकटलं. ऊन वर आलं तशी ती काळी पडत गेली. दोन वाफ्यांत निम्मी-शिम्मी धुगधुगी होती. चार साफ गेले होते.

चंपत बांधावर टेकला. "जाऊ दे, हौसे," तो म्हणाला. "पुन्हा पेरू."

"पेरू तं. पण जाऊ काहून देऊ?"

तिनं एका टोपल्यात मातीसकट रोपं उचलून घेतली आणि गावाकडं निघाली. रंगूबाईनं वाटेत दारोदार सांगितलं, आणि ग्रामपंचायतीशी पोचेपर्यंत मागं आठ-दहा बायका झाल्या.

ग्रामपंचायतीपुढं पांढऱ्या-गुलाबी कापडाचा मंडप होता. स्पर्धेची समिती अजून यायची होती. दोन माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीतून फुलझाडांच्या कुंड्या उचलून बाहेर मांडत होती. शहरातून आणलेल्या, टवटवीत.

"या आत काहून होत्या?" हौसाबाईनं त्यातल्या एकाला विचारलं.

"मुकेशभाऊनं सांगतलं. रातभर भायेर राह्यल्या असत्या तं थंडीनं गेल्या असत्या."

हौसाबाईच्या डोक्यात रात्रभर जे धुमसत होतं ते तिथं भडकलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. थंडी झाडाचं काय करते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. फक्त ते झाड कोणाचं, एवढाच प्रश्न होता.

गाडी आली. समितीचे तिघं उतरले, हारतुरे झाले. पुढचे साहेब उतारवयाचे होते. मुकेश त्यांना कुंड्या दाखवत होता तेवढ्यात हौसाबाईनं टोपलं त्यांच्या समोरच्या टेबलावर उपडं केलं. काळं पडलेलं रोप पांढऱ्या चादरीवर पसरलं.

"हे काय आहे, बाई?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या येण्याची तयारी हाये, सायेब. रोपाचं पांघरूण तुमच्या नजरेले खुपन म्हणून खड्ड्यात टाकलं. या कुंड्या मात्र रातभर खोलीत निजल्या."

"काकू, हे नंतर बोलू," मुकेश दबक्या आवाजात म्हणाला. मग साहेबांकडं वळला. "जुन्या चिंध्या होत्या, सर. नवं कापड देणार आहोत."

"त्यातलं हिरवं माह्या सासूचं होतं," रंगूबाई मागून म्हणाली. "चिंधी कोणाले म्हणून राह्यला तू?"

साहेबांनी एक रोप उचलून पाहिलं, परत ठेवलं. "यांना न विचारता नेलं का?" त्यांनी मुकेशला विचारलं. तो घाम पुसत गावाच्या शोभेविषयी काहीबाही बोलला. "आम्ही याची नोंद घेऊ," साहेब म्हणाले.

"नोंदीनं रोप झाकत नाई, सायेब," हौसाबाई म्हणाली. "पाच वाफे अजून धरून हायेत. आजही थंडी तशीच हाये. कापड मले आज पायजे, दिवस बुडायच्या आत."

सरपंच राधिका हार घालून मधल्या खुर्चीवर बसली होती. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती उठली, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मंडपाच्या खांबाशी जाऊन कापडाची गाठ सोडायला लागली.

"काय करून राह्यली?" मुकेश म्हणाला. "ते मंडपवाल्याचं हाये."

"मंडपवाल्याले मी सांगीन," राधिका त्याच्याकडं न पाहता म्हणाली. "ते लुगडे तुमी कोणाले इच्यारून नेले? मले तं नाई इच्यारलं. कागदावर सही माही असते."

गाठ घट्ट होती. रंगूबाईनं पुढं होऊन कमरेचा विळा दिला. मग बाकीच्या बायका धावल्या आणि साहेबांच्या डोक्यावरचं कापड घडी घडी करत खाली आलं. साहेब खुर्ची उचलून उन्हात बसले. कोणाला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी पाच वाफे गुलाबी कापडाखाली गेले. थंडी आणखी सहा रात्री टिकली, पण त्यातलं एकही रोप गेलं नाही. रिकाम्या चार वाफ्यांत हौसाबाईनं पुन्हा बी टाकलं, पण ते उशिराचं, उन्हात सापडणारं. बक्षिसाचं काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही. मुकेश कबूल केलेलं कापड घेऊन आला नाही आणि चुकलं असंही म्हणाला नाही. मळ्याशी आला की तो गाडी जोरात काढायचा.

फेब्रुवारीत लागवड सुरू झाली तेव्हा हौसाबाईवर घरोघर जायची पाळी आली. ज्यांना शंभर रोपं कबूल केली होती त्यांना पन्नासच मिळणार होती. आयुष्यात तिनं दिलेला शब्द कधी अर्धा केला नव्हता. केलं दुसऱ्यानं आणि मान खाली घालायची आपण, याचाच तिला फार संताप येत होता. तिसऱ्या घरापासून तिनं मान खाली घालणं सोडलं. दारात उभी राहायची, रोपं हातात द्यायची आणि उरलेली कुठं गेली ते मुकेशचं नाव घेऊन सांगायची.