हनाबाईचं पान

वर्षाराणीने इंग्लंडातलं ब्रॅडफर्ड कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते तिच्या मार्गदर्शकांनी, डॉ. अमरसिंह सरनोबत यांनी. एका परिषदेच्या निमित्ताने ते तिथे आठवडाभर होते आणि सारखा पाऊस असल्यामुळे बरंचसं शहर त्यांनी हॉटेलच्या खिडकीतूनच पाहिलं. पण तेवढ्या भांडवलावर सरांनी पुढची सगळी नोकरी काढली. वर्गात विषय शिवकाळाचा असो की पंचगंगेच्या पुराचा, सर फिरून फिरून ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांवर येत आणि त्यांचा चेहरा उजळे.

वर्षाराणी पीएच.डी.साठी त्यांच्याकडे गेली तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"हातकणंगल्याची, सर. वडील इचलकरंजीला मागावर होते. इचलकरंजीच्या मागवाल्यांवर करावं म्हणते."

"छे! इचलकरंजीत काय आहे? सगळे ओळखीचेच लोक. ओळखीच्या लोकांचा कधी इतिहास असतो का? पण मागाचं म्हणताय, तर तुम्ही ब्रॅडफर्ड घ्या."

अशा रीतीने कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या या सुनेच्या गळ्यात 'ब्रॅडफर्ड शहराचा स्थानिक इतिहास' पडला. पडला तो पडला, पण पोरगी खमकी. सकाळी वडापच्या खच्चून भरलेल्या जीपने मलकापूरच्या कॉलेजात जायचं, तासिका तत्त्वावर शिकवायचं, दुपारी परत येऊन भाकरी टाकायच्या आणि मग लॅपटॉप उघडून तिकडची जुनी वर्तमानपत्रं, शिरगणतीचे कागद आणि चर्चच्या नोंदी उपसत बसायचं. हळूहळू तिला तिथली गल्ली न् गल्ली तोंडपाठ झाली. कुठल्या कोपऱ्यावर पाणी भरायची रांग लागायची आणि कुठल्या बोळात लोकर धुतल्याचा वास मारायचा, हे ती घरबसल्या सांगू शकत होती.

ऐकायला एकच माणूस होतं, तिची सासू अंबूबाई. अंबूबाईला टीव्हीवरच्या मालिकांचा कंटाळा आला होता. त्यातल्या सुना फारच रडतात, असं तिचं मत. त्यामानाने सुनेच्या लॅपटॉपमधली माणसं बरी होती. ती मेलेली होती, त्यामुळे शेवट तरी कळायचा.

अशाच एका दुपारी वर्षाराणीला हॅना सापडली. हॅना फर्थ, थॉर्नलीशेठच्या गिरणीत लहानपणापासून मागावर. तिथला मुकादम रोज संध्याकाळी घड्याळाचे काटे गुपचूप मागे सारायचा आणि बायकांकडून फुकटात जादा काम करून घ्यायचा. एके दिवशी हॅनाने त्याला काट्याला हात लावताना पकडलं, पायातला लाकडी तळाचा बूट काढला आणि भर गिरणीत त्याच्या टाळक्यात घातला. कोर्टाने दंड किंवा तुरुंग अशी शिक्षा दिली. ती तुरुंगात गेली.

"पायातलं काढून हाणलं?" अंबूबाईने लसूण सोलायचं थांबवलं. "आगं, ही तर आपल्यातलीच हाय की!"

त्या दिवसापासून हॅनाची हनाबाई झाली. "आज हनाबाईचं काय कळलं?" असं अंबूबाई रोज विचारू लागली. कळायला फार काही नव्हतं, कारण तुरुंगातून सुटल्यावर हॅना फर्थ कागदांवरून गडपच झाली. वर्षाराणीने हाडाची काडं करून शेवटी तिला शोधलं. तिने लग्न केलं होतं आणि ती हॅना सग्डन झाली होती. फर्थला कोणी गिरणीच्या दारात उभं केलं नसतं, सग्डनला मात्र दुसऱ्या एका गिरणीत काम मिळालं. पुढे नवरा गेला, हात थकले, आणि गरिबांना ठेवायच्या सरकारी घरात ती एकटी मेली. ना मूल, ना बाळ. चार अनोळखी मुडद्यांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं, वर दगडसुद्धा नाही. फर्थ आणि सग्डन एकच, याला वर्षाराणीकडे पुरावा होता. दोन्हीकडे बापाचं नाव, गल्ली आणि वय जुळत होतं. तिने हॅनावर एक सबंध प्रकरण लिहिलं. ते लिहिताना आपण काहीतरी खरं करतोय असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

सरांनी ते प्रकरण वाचलं आणि त्यावर लाल रेघ मारली.

"एका बुटानं इतिहास होत नाही, वर्षाराणी. शिवाय या दोन वेगवेगळ्या बायका असू शकतात. पुरावा अपुरा आहे. हे प्रकरण काढा, मग सही करतो."

पुरावा अपुरा नव्हता. अडचण अशी होती की 'थॉर्नलीच्या गिरणीत मालक आणि कामगार एका कुटुंबाप्रमाणे राहत' असा शोधनिबंध खुद्द सरांनीच पूर्वी छापला होता. थॉर्नलीशेठच्या पुतळ्याशेजारी छत्री धरून काढलेला त्यांचा फोटो आजही विभागात टांगलेला होता. त्या कुटुंबात कोणी कोणाच्या टाळक्यात बूट घातलेला त्यांना परवडणारा नव्हता.

विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ दसऱ्याला संपत होती. मलकापूरला कायम जागेची जाहिरात आली होती आणि पीएच.डी. नसेल तर अर्जसुद्धा घेणार नव्हते. म्हणजे हॅनाला काढायचं, नाहीतर वडापच्या मागच्या सीटवर बसून जन्म काढायचा. वर्षाराणीने निमूटपणे प्रबंधाच्या दोन प्रती बांधून घेतल्या, एक हॅनासकट आणि एक हॅनाशिवाय. हॅनाशिवायच्या प्रतीवर सरांची सही घ्यायची, असं तिने मनाशी ठरवलं. मात्र ती प्रत हातात घेतली की तिला स्वतःचीच चीड यायची.

तिने हे सासूला सांगितलं. अंबूबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, "सर्वपित्रीला तुझ्या सरांस्नी जेवायला बोलीव. म्हाळाला एक तरी बाहेरचा माणूस लागतोय. वडे आन खीर हाय म्हणून सांग."

सर वड्यांना नाही म्हणणाऱ्यांतले नव्हते. अमावास्येला ते वेळेआधीच हजर झाले. पाहतात तो काय, गच्चीवर न्यायला दोन पानं वाढून तयार. एक अंबूबाईच्या नवऱ्याचं, बाळासोंचं. दुसऱ्या पानावर बिनतिखटाची आमटी, खीर, वडे आणि कडेला कपभर चहा, शिवाय पानात दोन बिस्किटं.

"हे कोणासाठी?" सरांनी विचारलं.

"हनाबाईसाठी," अंबूबाई म्हणाली. "तिला तिकडं घास घालायला कोण हाय? आन आपलं तिखट तिला सोसायचं न्हाय."

वर्षाराणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिचा नवरा सम्राट दोन्ही पानं घेऊन मुकाट्याने जिना चढला, मागोमाग बाकीचेही गच्चीवर आले. आईपुढे बोलायची सवय त्याने केव्हाच सोडली होती. हनाबाईची सगळी हकिकत अंबूबाईकडून ऐकलेल्या झुंबरबाईने शेजारच्या गच्चीवरून मान लांब केली.

"अंबाक्का, किरिस्ताव बाईला कावळा कसा शिवंल गं?"

"कावळ्याला जात असती व्हय?" अंबूबाईने तिथल्या तिथे तोडलं.

बाळासोंच्या पानावर कावळा लगेच उतरला. जिवंतपणीही हा माणूस हाक मारायच्या आत पाटावर बसायचा. कावळ्याने वडा उचलला, शेजारच्या पानाकडे तिरपी मान करून पाहिलं आणि उडून टाकीवर जाऊन बसला. अजून दोघेतिघे आले. तेही बाळासोंचंच पान साफ करून टाकीवर बसले. हॅनाच्या पानाकडे एकही फिरकेना. चहावर साय धरली.

कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नसतं. खालून वड्यांचा वास जिन्याने वर येत होता आणि सरांच्या पोटात कावळे ओरडत होते, ते मात्र पानावर उतरण्यासारखे नव्हते.

"चहामुळे येत नसतील," सर शास्त्रीय सुरात म्हणाले. सम्राटने कप बाजूला केला. कावळे ढिम्म हलले नाहीत.

"तिची कायतरी इच्छा ऱ्हायलीया," झुंबरबाईने पलीकडून निदान केलं.

अंबूबाईने पदर खोचला आणि टाकीकडे बघून मोठ्याने बोलायला सुरुवात केली, "हनाबाई, तुझा मुकादम कवाच मेला बघ! ती गिरणी बी बंद पडली! घड्याळाचं मनात ठेवू नको, ये!" काही नाही. "दरवर्षी तुझं पान मांडीन, ये!" तरीही काही नाही. मग ती सावकाश सरांकडे वळली.

"सर, आमच्या कुणाच्या हातात काय न्हाय. तिला पुस्तकातनं तुम्ही काढलंय. तुम्हीच सांगा तिला."

"अहो, काय हे! संशोधनात असलं काही चालत नाही." सर हसले, पण लगेच त्यांनी टाकीकडे चोरून पाहिलं. त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा दुपार टळेपर्यंत शिवला नव्हता आणि सगळी भावकी त्यांच्याकडेच बघत बसली होती, हे अख्ख्या कोल्हापूरला माहीत होतं. आताही अंबूबाई, सम्राट, झुंबरबाई आणि टाकीवरचे कावळे असे सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

सरांनी घाम पुसला. इकडे तिकडे पाहिलं. मग हळूच हात जोडून पुटपुटले, "ठीक आहे. तळटीपेत घेऊ."

एका कावळ्याने पंख झाडले आणि पुन्हा मिटून घेतले.

"मोठ्यानं बोला की," झुंबरबाई म्हणाली. "इंग्लंडास्नं ऐकाय यायचं हाय."

"परिशिष्टात घेऊ!"

कावळा टाकीवरून उतरला, कठड्यावर बसला. पानापासून हातभर लांब. तिथून पुढे येईना. आपल्याला हसू येतंय की रडू, हे वर्षाराणीला कळेना.

"सबंध प्रकरण!" सर ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "चौथं प्रकरण, आहे तसं! एक ओळ कमी करणार नाही!"

कावळा पानावर उतरला, बिस्किटाचा तुकडा चोचीत धरला आणि खिरीत चोच बुडवली. अंबूबाईने "आली गं बाई!" म्हणून कानशिलावर बोटं मोडली. झुंबरबाईने टाळी वाजवली. सर कोणाकडेही न बघता भराभरा जिना उतरून पाटावर जाऊन बसले.

ते भरपूर जेवले. जेवण झाल्यावर वर्षाराणीने हॅनासकटची प्रत पुढे ठेवली. सरांनी चौथं प्रकरण चाळलं, आधी लाल रेघ मारलेल्या मजकुरावरून पुन्हा नजर फिरवली आणि खाकरून म्हणाले, "तसं पाहिलं तर बापाचं नाव जुळतंय, गल्ली जुळतेय. पुरावा पुरेसा आहे." मग त्यांनी सही केली. "फक्त ऋणनिर्देशात कावळ्याचं नाव नको," एवढं ते दारात चपला घालताना म्हणाले, आणि ते चेष्टेत म्हणाले नव्हते.

सर गेल्यावर वर्षाराणी त्या सहीकडे बघत बसली. आनंद झालाच होता. पण रागही येत होता. इतकी वर्षं डोळे फोडून तिने जे कागद जुळवले, त्यांना या माणसाने किंमत दिली नाही, आणि खिरीत बुडवलेल्या एका चोचीला दिली. इंग्लंडच्या इतिहासाचा हा पुरावा इंग्लंडात कोणाला सांगायची सोय नव्हती.

अंबूबाई मोरीत परात घासत होती. तिथूनच म्हणाली, "वर्षा, त्या हनाबाईची लग्नाआधीचं आन नंतरचं, दोन्ही नावं तू जुळवलीस न्हवं?"

"हो, आत्ती."

"मग माझं बी एक ध्यानात ठेव. मी गेल्यावर म्हाळाला माझं पान मांडशील, तवा अंबूबाई म्हणून हाक मारू नको. ते नाव ह्या घरानं ठेवलंय, लग्नात, तांदळात अंगठीनं लिवून. मला इचारलं न्हवतं कुणी." तिने परातीवर पाणी ओतलं. "मी हौसा. हौसा म्हणून बोलावलंस तर येईन. न्हाईतर मी बसंन टाकीवर, आन तुम्ही बसा उपाशी."

वर्षाराणीने सही केलेली प्रत बाजूला ठेवली. ब्रॅडफर्डच्या एका सबंध गल्लीतल्या बायकांची माहेरची आडनावं तिला पाठ होती. या घरात मात्र हे नाव तिच्या कानावर आज पहिल्यांदाच पडत होतं. सम्राटलाही ते माहीत नसणार. बाळासोंना तरी होतं की नाही, कोण जाणे. तिचे डोळे भरून आले. सवयीने तोंडात आलं तेच तिने विचारलं, "वडिलांचं नाव काय, आत्ती? आणि राहायला कुठल्या गल्लीत होता?"

अंबूबाईने परात खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि ती सांगायला बसली.