न सांगता केलेला धडा

परमुलखात भाषा शिकायला जमलेल्या त्या वर्गात मास्तरीणबाईंची एक खोड होती. कुठलाही धडा असो, तो करून दाखवायचा, आणि तोही न सांगता. मागच्या आठवड्यात शेजारच्या बेकरीवाल्यानं आत घुसून नर्सबाईंची पर्स हिसकावली. त्यांनी बोंबाबोंब केली, तेव्हा कळलं, आजचा धडा चोरीचा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नर्सबाई पन्नाशीच्या. परीक्षा पास झाल्याशिवाय इस्पितळात कायम करणार नव्हते. शेजारी बसायची शिंपीण. येतानाच्या विमानात दोघींची ओळख झाली, आणि बोलीही एकच निघाली. तिला काही विचारलं की नर्सबाई हळूच उत्तर पुरवायच्या.

"अगं, कधीतरी स्वतः तोंड उघड!"

"तुम्ही आहात ना, मावशी," ती हसायची. नवऱ्याला तिनं सांगितलं होतं, शिलाईच्या कामाला जाते. बायकोला इथली भाषा आली की ती डोक्यावर बसते, असं त्याचं मत.

मंगळवारी सकाळी, मास्तरीणबाई यायच्या आधीच, दार धाडकन उघडलं. एक माणूस आत आला, त्यानं शिंपिणीची वेणी धरली आणि तिचं डोकं बाकावर आपटलं. एकदा. दोनदा.

मागच्या बाकावरच्या ट्रकवाल्यानं जोरात टाळ्या पिटल्या. वर्ग खूश. नर्सबाईही हसल्या. ते हसू त्यांना जन्मभर पुरणार होतं.

"मला चोरून शिकतेस? थांब, जीभच हातात देतो!"

आपली बोली! बेकरीवाल्यासारखं नाटक करायला आलेल्या इथल्या माणसाला ही कुठून येणार? तेवढ्यात वहीवर दात पडला.

नर्सबाईंनी स्टीलचा डबा उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा. त्यानं दुसऱ्या हातानं त्यांच्या थोबाडीत भडकावली. चष्मा फुटून काच भुवईत रुतली. तोवर ट्रकवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं बाकावरून झेप घेतली, त्या माणसाला लोळवलं आणि पाठीवर गुडघा रोवला.

पोलीस आला. काय झालं ते शिंपिणीनंच सांगायचं, म्हणाला, दुसऱ्या कुणी नाही. शिंपिणीचा ओठ फाटून लोंबत होता.

"सांग, पाय घसरला," फरशीवरून नवरा गुरगुरला. "घरी यायचंय ना?"

सवयीनं तिनं नर्सबाईंकडे पाहिलं. अख्खं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. पण पुरवलेलं वाक्य पोलीस थोडंच लिहून घेणार? त्यांनी रुमाल भुवईवर दाबला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाठीमागे रक्त थुंकल्याचा आवाज. मग परक्या भाषेत, चाचपडत:

"हा माझा नवरा. यानं मारलं. घरी पण मारतो. रोज."

पोलिसाचं पेन चाललं. ट्रकवाल्याचे हात सवयीनं टाळीला उठले. त्यानं ते बगलेत दाबून धरले.

शिंपिणीनं दात उचलून कंपासपेटीत टाकला आणि नर्सबाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"हलू नका, मावशी. तीन टाके तरी लागतील."